कार्डामागची काळी पट्टी

कार्ड हरवले तर ज्याला सापडेल त्याला त्या काळ्या पट्टीतून आपला पिन काढता येईल का? खात्यात किती शिल्लक आहे ते कळेल का? एटीएम कार्ड पहिल्यांदा हातात आले की बहुतेकांच्या मनात हे दोन प्रश्न येतात.

उत्तर आधीच सांगून टाकू. दोन्ही नाही. पिन पट्टीवर लिहिलेला नसतो आणि शिल्लक तर नसतेच. ती बँकेच्या संगणकात असते. पट्टीवर फार थोडा मजकूर मावतो आणि त्यातला बराचसा कार्डाच्या दर्शनी बाजूवर उघडपणे छापलेलाही असतो. तरीसुद्धा भामट्यांचा डोळा वर्षानुवर्षे या पट्टीवरच राहिला. असे का, हे समजायला पट्टी लिहितात कशी आणि वाचतात कशी, तिथून सुरुवात करावी लागेल.

१. पट्टी म्हणजे टेपच

ज्यांनी कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फीत गुंडाळली आहे, त्यांना ही पट्टी नवी नाही. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौलसेनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकत्वाच्या रूपाने आवाज साठवून दाखवला. जर्मनीच्या फ्रिट्झ फ्लॉयमरने १९२८ मध्ये तारेऐवजी कागदाची फीत घेतली आणि तिच्यावर लोहाच्या भुकटीचा लेप दिला. गाण्यांची कॅसेट आणि जुन्या संगणकांची मोठाली टेपची चाके ही त्याच फितीची पुढची पिढी.

ही फीत कार्डावर चढवली ती आयबीएम कंपनीतल्या फॉरेस्ट पॅरी या अभियंत्याने, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. काम होते सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी ओळखपत्र बनवण्याचे. टेपचा तुकडा प्लास्टिकवर बसता बसेना. गोंद लावावा तर फीत वाकडी व्हायची, नाहीतर गोंदानेच तिचे चुंबकीय काम बिघडायचे. पॅरी वैतागून घरी आला तेव्हा त्याची पत्नी डोरोथिया कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्रीनेच चिकटवून बघ, असे ती म्हणाली. उष्णतेने फीत प्लास्टिकवर बरोबर बसली. आयबीएमच्या इतिहासात ही गोष्ट हमखास सांगितली जाते. पुढे जगभर अब्जावधी कार्डांवर पट्टी बसली ती कारखान्यातल्या यंत्रांनी, पण उष्णता आणि दाब हेच साधन वापरून.

पट्टीच्या लेपात लोह-ऑक्साइडसारख्या पदार्थाचे डोळ्याला न दिसणारे कण असतात. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकला चुंबक, एका टोकाला उत्तर ध्रुव आणि दुसऱ्या टोकाला दक्षिण. कण लेपात घट्ट बसलेले असल्याने जागचे हलत नाहीत, पण बाहेरून पुरेसा जोरदार चुंबक आला तर त्यांचे ध्रुव उलटतात. आणि तो चुंबक दूर गेल्यावर ते तसेच राहतात. या ‘तसेच राहण्या’वरच सगळा डोलारा उभा आहे. पट्टीला बॅटरी लागत नाही, वीज लागत नाही. कपाटात दहा वर्षे पडलेले कार्डही वाचता येते.

२. उत्तर म्हणजे एक आणि दक्षिण म्हणजे शून्य?

पट्टीवर माहिती लिहायची ती एक आणि शून्य या दोनच चिन्हांत. प्रत्येक एक किंवा शून्य म्हणजे एक ‘बिट’. चुंबकालाही दोनच दिशा असतात, त्यामुळे डावीकडे तोंड केलेला भाग म्हणजे एक आणि उजवीकडे तोंड केलेला भाग म्हणजे शून्य, अशी समजूत सहज होते. बऱ्याच सोप्या लेखांत तसे लिहिलेलेही असते. प्रत्यक्षात तसे नाही, आणि त्याचे कारण वाचणाऱ्या यंत्रात आहे.

वाचणारे ‘हेड’ म्हणजे धातूचे एक छोटे कडे. त्याला एका जागी बारीक फट असते आणि कड्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. फटीसमोरून पट्टी सरकते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेला नियम इथे लागू पडतो: वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले तरच तारेत वीज उमटते. क्षेत्र कितीही जोरदार असले, पण बदलत नसले, तर तारेत काहीही उमटत नाही. म्हणून हेडला पट्टीवरची दिशा कळतच नाही. त्याला कळते ते फक्त दिशा पालटण्याचे ठिकाण, म्हणजे जिथे उत्तर ध्रुवासमोर उत्तर किंवा दक्षिण ध्रुवासमोर दक्षिण येतो ती सीमा. सीमा फटीसमोरून गेली की विजेचा एक झटका. पुढची सीमा आली की विरुद्ध बाजूचा झटका. मधल्या काळात शांतता.

या सीमा डोळ्यांनी पाहता येतात. बाद झालेले एखादे कार्ड घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतो तो लोहकीस पातळ कापडातून चाळून घ्या, कारण जाड कीस इथे कामाचा नाही. तो पट्टीवर भुरभुरवा, कार्ड उभे धरून कडेला टिचकी मारा आणि उरलेली भुकटी भिंगातून पाहा. पट्टीच्या लांबीला आडव्या अशा बारीक उभ्या रेघा दिसतील, कुठे दोन रेघांत जरा जास्त अंतर, कुठे त्याच्या निम्मे. भुकटी नेमकी सीमांवर चिकटते, कारण चुंबकीय क्षेत्र पट्टीबाहेर डोकावते ते तिथेच. पारदर्शक चिकटपट्टी वरून दाबून उचलली की रेघांचा ठसा कागदावरही घेता येतो. चुंबकीय लिखाण असे कागदावर उतरलेले पाहणे हा मला या साऱ्या विषयातला सगळ्यात मजेचा भाग वाटतो.

३. भरभर घासा, सावकाश घासा

आता खरी अडचण. एटीएममधली मोटर कार्ड एका वेगाने आत ओढते, पण दुकानातले कार्ड माणूस घासतो. कोणी झर्रकन ओढतो, कोणी जपून. सुरुवातीला हळू आणि शेवटी जोरात, हे तर सगळेच करतात. झटके कधी भराभर येणार, कधी रेंगाळत. मग कुठले अंतर ‘मोठे’ आणि कुठले ‘छोटे’ हे यंत्राने ठरवायचे कसे?

भजनी मंडळातला टाळ आठवा. प्रत्येक मात्रेला एक ठोका ठरलेला. मधूनच एखाद्या मात्रेच्या ऐन मध्यावर टाळकरी एक जादा ठोका घालतो. भजन रंगात येते, लय वाढत वाढत दुप्पट होते, पण कुठला ठोका मात्रेवरचा आणि कुठला मधला, हे ऐकणाऱ्याला कधीच विचारावे लागत नाही. कारण तो ठोका घड्याळावर मोजत नाही. आधीच्या मात्रेला किती वेळ लागला त्यावरून पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधतो.

पट्टीवर अगदी हीच रीत आहे. प्रत्येक बिटाला सारख्या लांबीचे घर दिलेले असते आणि घराच्या हद्दीवर चुंबकाची दिशा पालटतेच पालटते. घराच्या मध्यावर आणखी एकदा पालटली, तर तो बिट एक. मध्ये काही झाले नाही, तर शून्य. यंत्र मागच्या घराला लागलेला वेळ लक्षात ठेवते. पुढचा झटका साधारण तेवढ्याच वेळाने आला, तर शून्य. त्याच्या साधारण निम्म्या वेळात आला, तर एकाची पहिली अर्धी बाजू झाली. दुसऱ्या अर्ध्या वेळात हद्दीचा झटका येतो आणि घर पुरे होते. प्रत्येक बिटानंतर यंत्र आपले माप सुधारून घेते, त्यामुळे हाताचा वेग हळूहळू बदलला तरी बिघडत नाही. मात्र मध्येच हात थबकला की माप तुटते आणि पडद्यावर पुन्हा घासण्याची सूचना येते. फार सावकाश घासले तरीही गाडी अडते, पण त्याचे कारण वेगळे: क्षेत्र जितके हळू बदलेल तितका झटका क्षीण, आणि फारच क्षीण झटका यंत्राला ऐकू येत नाही.

पहिले माप कुठून मिळणार, हा प्रश्न उरतो. त्यासाठी मजकूर सुरू होण्याआधी पट्टीवर नुसती शून्ये लिहिलेली असतात. तेवढ्यात यंत्राला लय सापडते.

४. तीन रांगा, १६१ बाइट

पट्टी दिसते एक, पण तिच्यावर आडव्या तीन रांगा असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात, आणि प्रत्येकाची रुंदी तीन मिलिमीटरच्या आतली. तीन रांगा झाल्या त्या तीन वेगवेगळ्या धंद्यांमुळे. पहिली विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आखली. त्यांना प्रवाशाचे नाव हवे होते, म्हणून तिच्यात अक्षरे चालतात. दुसरी अमेरिकी बँकांच्या संघटनेची. तिच्यात फक्त अंक आणि दोन-चार खुणा. तिसरी अमेरिकेतल्या बचत संस्थांसाठी होती. तिच्यावर दर व्यवहाराला नवी माहिती लिहायची कल्पना होती, पण बँकेचा संगणक फोनच्या तारेवरून थेट विचारता येऊ लागल्यावर तिची गरजच उरली नाही. आपल्या बँकेच्या कार्डावर बहुधा ती रिकामीच असते.

पहिल्या रांगेत ७९ चिन्हे मावतात, प्रत्येकी ७ बिटांची. दुसरीत ४० आणि तिसरीत १०७, प्रत्येकी ५ बिटांची. गुणाकार-बेरीज करा: ५५३ अधिक २०० अधिक ५३५, म्हणजे १,२८८ बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सगळे मिळून १६१ बाइट. मोबाइलच्या साध्या एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. अख्ख्या पट्टीची ऐपत त्याच्यापेक्षा थोडीच जास्त.

दुसऱ्या रांगेत इंचाला ७५ बिट, म्हणजे एका बिटाचे घर साधारण ०.३४ मिलिमीटरचे. पहिल्या रांगेत इंचाला २१०, म्हणजे घर ०.१२ मिलिमीटरचे. लोहकिसाच्या प्रयोगात दुसऱ्या रांगेतल्या रेघा भिंगाने सुट्या दिसतात आणि पहिलीतल्या एकमेकींत मिसळून करडा पट्टा दिसतो, तो यामुळेच. बाजारातली बहुतेक यंत्रे दुसऱ्या रांगेवरच भागवतात. रेघा ऐसपैस असल्या की कार्ड जुने, खरचटलेले असले तरी वाचायला सोपे जाते.

पहिल्या रांगेतल्या नावाला २६ चिन्हांची जागा आहे आणि तीही रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांची. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव लिहिणाऱ्या मराठी माणसाला ती अपुरी पडणारच. ‘पुरुषोत्तम लक्ष्मीनारायण’ एवढेच रोमन लिपीत लिहिले की मधली मोकळी जागा धरून बरोबर २६ भरतात. आडनावाला जागाच नाही! मग मधल्या नावाचे आद्याक्षर करण्यावाचून इलाज नसतो.

दुसऱ्या रांगेचा मजकूर साधारण असा असतो (क्रमांक बनावट आहे):

; १२३४५६७८१२३४५६७० = २८१२ २०१ … ?

अर्धविराम ही सुरुवातीची खूण. मग कार्डाचा क्रमांक. बरोबरचे चिन्ह ही दोन मजकुरांमधली भिंत. २८१२ म्हणजे २०२८ सालचा बारावा महिना, कार्डाची मुदत. पुढचे २०१ हे तीन अंक कार्ड कुठे आणि कसे चालवायचे ते सांगतात. त्यानंतरची जागा बँकेच्या मर्जीची. १६ अंकी क्रमांक असेल तर तिथे १३ अंक मावतात. शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे मजकूर संपला. त्याच्यामागे आणखी एक तपासणीचे चिन्ह असते. त्याच्याकडे आता वळू.

५. एक अंक लिहून पाहू

५ हा अंक घेऊ. अंकाचे चार बिट असतात आणि त्यांच्या किमती अनुक्रमे १, २, ४, ८. पाच म्हणजे एक अधिक चार, म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या जागी एक: १ ० १ ०. आता पाचवा बिट. तो राखणीला ठेवलेला आहे. नियम असा की पाचही बिटांत मिळून ‘एक’ची संख्या विषम असली पाहिजे. इथे आत्ता दोन आहेत, म्हणून राखणदार एक: १ ० १ ० १. सातच्या बाबतीत एक, दोन आणि चार मिळून तीन एक आधीच झाले, म्हणून राखणदार शून्य: १ १ १ ० ०.

धुळीच्या कणामुळे किंवा ओरखड्यामुळे एखादा बिट उलटा वाचला गेला, तर ‘एक’ची संख्या सम होते आणि चूक पकडली जाते. पण एकाच अंकात दोन बिट बिघडले तर? संख्या पुन्हा विषम. राखणदार फसला. म्हणून शेवटचे तपासणीचे चिन्ह. समजा रांगेत फक्त ५ आणि ७ आहेत. खुणांसकट राखणदार वगळून एकाखाली एक मांडू:

; — १ १ ० १
५ — १ ० १ ०
७ — १ १ १ ०
? — १ १ १ १

आता उभे स्तंभ मोजा. पहिल्यात चार एक, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात दोन. तपासणीच्या चिन्हाने प्रत्येक स्तंभ सम करायचा, म्हणून त्याचे बिट ० १ १ ०, आणि स्वतःचा राखणदार १. आडवी तपासणी एका अंकाची, उभी सगळ्या रांगेची. दोन्हींतून निसटणारी चूक क्वचितच होते, आणि निसटलीच तर बँकेच्या संगणकाला तो क्रमांक ओळखीचा निघत नाही.

६. मोबाइलजवळ ठेवले तर पुसते का?

पट्टी कोणत्या प्रकारची आहे, त्यावर ते अवलंबून आहे. चुंबकत्व उलटवायला लागणारा जोर ओर्स्टेड या एककात मोजतात. तपकिरी दिसणाऱ्या साध्या पट्टीला सुमारे ३०० पुरतात. बँकेच्या कार्डांवरच्या गडद काळ्या पट्टीत बेरियम फेराइट असते आणि तिला २,७५० किंवा त्याहूनही जास्त लागतात. फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाचा जोर शंभराच्या आसपास, त्यामुळे तो बँकेच्या कार्डाचे काही बिघडवू शकत नाही. हॉटेलच्या खोलीचे चावी-कार्ड मात्र बहुधा साध्या पट्टीचे असते, कारण काउंटरवरच्या स्वस्त यंत्राने ते दर पाहुण्यासाठी नव्याने लिहायचे असते. सहज लिहिता येते ते सहज पुसलेही जाते. पर्सच्या चापातला जोरदार चुंबक त्याला पुरे होतो. बँकेची कार्डे बहुतेक वेळा निकामी झाली ती चुंबकाने नाही, खिशातल्या चिल्लरीच्या आणि किल्ल्यांच्या ओरखड्यांनी.

७. वाचता येते ते उतरवताही येते

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. पट्टीवर पिन नाही, शिल्लक नाही, मग तिच्यात चोरण्यासारखे काय?

बँकेच्या मर्जीच्या त्या १३ अंकांत तीन अंकांचा एक तपासणी-कोड असतो. कार्डाच्या मागे छापलेला सीव्हीव्ही वेगळा, हा वेगळा. क्रमांक, मुदत आणि तो २०१ सारखा कोड यांच्यावर बँक आपल्या गुप्त किल्लीने गणित करते आणि हे तीन अंक काढते. तुमच्या कार्डाचा फोटो काढून कोणी नवी पट्टी लिहू पाहिली, तर तो इथे अडतो, कारण फोटोत हे अंक नसतात. उपाय चांगलाच आहे. पण तो चालतो पट्टी न पाहिलेल्या माणसाविरुद्ध. ज्याने पट्टीच वाचली, त्याच्या हाती कोडही आपसूक आला. त्याला गणित सोडवायचे नाही, किल्ली शोधायची नाही, फक्त जसेच्या तसे दुसऱ्या पट्टीवर उतरवायचे आहे. आणि हेडमधून वीज घेतली की वाचन, हेडला वीज दिली की लेखन. दोन्हींचे यंत्र जवळजवळ एकच.

एटीएमच्या तोंडावर दुसरे पातळ तोंड बसवून पट्टी वाचून घेणे आणि वर लपवलेल्या कॅमेऱ्याने पिन टिपणे हा यातला सरावाचा प्रकार. त्याला स्किमिंग म्हणतात. कळफलकावर हात आडवा धरा, असे बँका सांगतात ते या कॅमेऱ्यासाठीच.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर पडलेला दरोडा याच्या पुढची पायरी होता. नकली पट्ट्या लिहिलेली कार्डे २८ देशांतल्या एटीएममध्ये चालवली गेली. पैसे द्यावेत का, हे विचारणारे संदेश बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचण्याऐवजी मध्येच घुसवलेल्या बनावट यंत्रणेकडे वळवले गेले आणि ती सगळ्यांना होकार देत राहिली. एटीएममधून गेलेली आणि आंतरबँक संदेशांतून परदेशी वळवलेली रक्कम मिळून सुमारे ९४ कोटी रुपये. यात दोष नुसत्या पट्टीचा नव्हता, पण शेकडो नकली कार्डे इतक्या स्वस्तात आणि झटपट बनवता आली ती पट्टीमुळे.

कार्डावरची सोनेरी चिप ही अडचण मुळातून सोडवते. चिप म्हणजे छोटा संगणक. तिची गुप्त किल्ली ती कोणालाच वाचू देत नाही. त्या किल्लीने ती प्रत्येक व्यवहारासाठी निराळा संकेत तयार करते. कालचा संकेत चोरला तरी आजच्या व्यवहाराला तो चालत नाही. भारतात रिझर्व्ह बँकेने पट्टीची जुनी कार्डे बदलून चिपची देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत घातली. चिपचे कार्ड चुकून घासले तर दुकानातले यंत्र ते आत घालायला सांगते. त्याला हे कळते ते पट्टीवरच्या २०१ मधल्या पहिल्या अंकावरून: २ म्हणजे ‘या कार्डाला चिप आहे आणि ते परदेशातही चालते’.

मग चिपच्या कार्डावर पट्टी अजून कशाला? चिप न वाचणारी यंत्रे जगात कुठे ना कुठे शिल्लक आहेत म्हणून. पण दिवस मोजलेले आहेत. मास्टरकार्डने २०२१ मध्ये जाहीर केले की २०२९ पासून नव्या कार्डांवर पट्टी नसेल आणि २०३३ पर्यंत ती पूर्ण जाईल.

तोवर मुदत संपलेले कार्ड कचऱ्यात टाकताना कात्री चिपवरून फिरवा आणि पट्टीवरूनही, तीन-चार ठिकाणी आडवी. कार्डाच्या लांबीला समांतर कापले तर दुसरी रांग अख्खी एका तुकड्यावर राहू शकते, आणि तो तुकडा यंत्रातून घासला की वाचता येतो.